वाळवीच्या पोटातली गोष्ट

त्रेसष्ट सालच्या मार्गशीर्षात कोंडाजी लोणावळा स्टेशनात पुण्याच्या गाडीची वाट बघत बसला होता. मागच्या बाकावर कुणी बाई मुलीला दबक्या आवाजात बजावत होती, "हौसा, या खेपेला तरी न्हाई म्हनू नगं." मग बघायला आलेल्या मुलाला आणि हौसाला बोलायला एकटं सोडून दोन्हीकडची वडीलधारी चहाला गेली. आपणही उठावं असं कोंडाजीला वाटलं, पण कान काही उठेनात.

"विचारा ना काहीतरी."

"तुमी कालेजात काय करता?"

"वाळवी पाळतो."

"पाळता? आमच्या सुदुंबऱ्याच्या घराची चौकट खाल्ली तिनं!"

"खाल्ली, पण लाकूड तिला एकटीला पचत नाही. तिच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते पचवून देतात."

"आन् त्ये जीव मेलं तर?"

"मग ती पोटभर खाऊनही उपाशी मरते."

"आन् ती मेली तर?"

"मग तेही जगत नाहीत."

"म्हंजी दोगांचं येकमेकांबिगर चालत न्हाई."

"अजिबात नाही."

"जल्मापास्नं असत्यात व्हय पोटात?"

"नाही, पिल्लांना ते मोठ्या वाळवीकडून मिळतात."

"कुटनं? तोंडातनं?"

"तोंडातून नाही… ते लग्नानंतर सांगतो."

"कुनाच्या लग्नानंतर?"

गाडी धडधडत फलाटाला लागली, तरी कोंडाजी जागचा हलला नाही. तेवढ्यात मंडळी परतली.

"काय गं हौसा, काय म्हनतीस?"

"तारीख धरा, आई. ह्यांची गोष्ट अर्धीच ऱ्हायलीया."