उसना दम

न्हाई रं लालासाब, कळत न्हवतं. त्याला कायबी कळत न्हवतं — आसं सांग हरणाबाईला. तुझी भावजय दोन वर्सं ह्योच एक सवाल उराशी धरून बसली आसंल तर तिला म्हनावं, जोतीराम ड्रेसरनं सांगितलंय, तुझा नवरा झोपंत गेल्यागत गेला. बस्स. एवढंच विचाराया आलतास न्हवं? मग उभा का? बस की. चार वर्सं लढाईत काढलीस, इटलीतनं जित्ता आलास, आन् सख्ख्या भावाचं मरान दुसऱ्याच्या तोंडनं ऐकायची पाळी — बस. चा टाकाया सांगतो. नगं? बरं, नगं.

आन् चौदा तास कोन म्हनलं तुला? आठ. सकाळी नवापास्नं संध्याकाळी पाचापर्यंत. गाव वाढवून सांगतं. म्हागल्या जत्रंत मला मानाचा नारळ दिला लोकांनी, ठावं हाय? जोतीरामनं मड्याशी आठ तास झुंज घेतली म्हनून — तवा आठच म्हनत व्हतं, आता चौदा झालं. मड्याशी कसली झुंज! मडं न्हवतंच त्ये — म्हंजी — आधी न्हवतं. मागनं झालं.

तुला नीट सांगतो, तू पलटनीतला मानूस, तुला उमजंल. पहाटं गुंडा वस्तीवर भुईला निजलेला. कायतरी चावलं आसं वाटलं, डास चावल्यागत, म्हनून त्यो कूस बदलून पुन्ना निजला. मन्यार आशीच. नाग चावला तर मानूस बोंबलतो, पाय सुजतो. मन्यार चावल्याली कळतबी न्हाई. उजाडताना पोटात कळ आली. हरणाबाईनं ओवा दिला. मग पापन्या जड झाल्या, बोट घालून उघडाव्या तर पुन्ना खाली पडायच्या. जीभ जड. मला बोलवाया वस्तीवरचा अर्जुना पळत आला तवा आठ वाजलं आसत्याल. मी बघितलं आन् वळखलं. नानासोला सायकलवर सांगलीला धाडला, डाक्टरकडनं लस आन म्हनलं. सोळा मैल, आन् सरावनातला चिखल. लोक म्हनत व्हतं देवळात न्या, पाराला घाला. मी म्हनलं, एकबी मानूस शिवंल त्याला तर बघा. तवा ऐकलं त्यांनी माझं. मिलिटरीचा कोट व्हता न्हवं अंगात.

पुन्याच्या मिलिटरी हास्पिटलात मी मलमपट्टीला ड्रेसर व्हतो तवा आमचा एक कप्तान डाक्टर व्हता. भितीवर मानसाचं चित्र टांगायचा — चामडं काढल्यालं, आत नुसत्या नसा, मेंदूपास्नं मनक्यातनं पार बोटांच्या टोकांपातूर. म्हनायचा, मेंदू म्हंजी तारऑफिस. हात उचल, पाय टाक, छाती फुगीव — समदं हुकूम तारेनं जात्यात. आन् वर येनाऱ्या तारा येगळ्या, बरं का. पोळलं, टोचलं, आवाज आला, ह्या बातम्या वर जायाच्या तारा येगळ्या, हुकूम खाली यायाच्या येगळ्या. मन्यारीचं ईख खालच्या तारा बिघडवतं, आगदी शेवटच्या टोकाला, जिथं तार मासाला भिडती तिथं. हुकूम सुटतो पर मासाला पोचत न्हाई. आन् काळीज? काळजाला हुकूम लागतच न्हाई. त्ये आपलं आपुन चालतं, फकस्त त्याला हवा पायजे. म्हनून कप्तान म्हनायचा, छाती बंद पडली तर तुमी दम द्या, उसना द्या, काळीज चालत ऱ्हाईल. मानसाला उतानं घालायचं, दोनी हात डोक्यावर वढायचं, छाती उघडती. मग हात खाली आनून बरगड्यांवर दाबायचं. मिनटाला बारा डाव. आत, भाईर. आत, भाईर.

व्हय. वरच्या तारा शाबूत. … आसा काय बघतोस? त्येच तर म्हनलो. खालच्या बिघडत्यात.

बरं. ऐक आता. ऐकायचंच आसंल तर ऐक. डोळं मिटल्यालं, तोंड उघडं, दम बंद — समदे म्हनलं गेला. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. म्हनलो, गुंडा, मी जोतीराम. ऐकाया येत आसंल तर पायाचा अंगठा हालीव. आन् हालला. जरासा, पानी शिपडल्यावर गोगलगाय हालती तसा. मी म्हनलो, भिऊ नगंस, मी दम देतोय, मी सोडनार न्हाई तुला. पुन्ना हालला. ह्ये कुनी बघितलं न्हाई, समद्यांचं ध्यान त्याच्या तोंडाकडं. मी वराडलो, हालतोय, हालतोय! तवर थांबला. अकरा वाजता आंगठाबी गेला.

अर्जुना माझं बघून आळीपाळीनं डाव घेत व्हता, चांगला घेत व्हता. तिसऱ्या पाळीला उठला आन् म्हनला, दादा, माझ्यानं मड्याला हात लावाया हुईना. हात धुवाया गेला, आला न्हाई. मग मी एकटा. ती कोंदल्याली खोली, दारात गर्दी, बायकांचं रडनं, आन् त्याच्यासमोरच लोकांचं बोलनं — लाकडं वली हायती, कुठली तोडायची. रान कोन कसनार, धाकला तर लढाईवर. हरणाबाई म्हायारला जाईल का. त्याच्या उशाशी! मी म्हनलो, हळू बोला, त्यो ऐकतोय. तशी हसली रं माणसं. रडत्या घरात हसली. आप्पासो पाटील म्हनला, जोतीराम, दारू प्यालास का? मेल्याल्याला कसरत करायला लावतोस. मी आत-भाईर, आत-भाईर. आन् दर घटकेला नाडी बघायचो. चालू. ठनठनीत चालू.

हात दुखत व्हतं. व्हय, लय दुखत व्हतं. पर खोटं कशाला बोलू तुझ्याशी, हात नवापास्नंच दुखत व्हतं. हात न्हवं. मला लाज वाटाया लागली. समदा गाव शाना आन् मी एकटा येडा, गुडघ्यावर बसून मड्याचं हात वरखाली करतोय, लाळ पुसतोय, आन् पोरं दारातनं बोट दावत्यात. मग तुझी म्हातारी आली. राहीआक्का. हात जोडलं तिनं मला — मला! म्हनली, बाबा, पुरं कर. माझ्या लेकराच्या देहाचे हाल बघवत न्हाईत. सोड त्याला. मी मनगाट धरलं. नाडी चालली व्हती, लालासाब. बोटाखाली ठोकं पडत व्हतं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आन् म्हनलो, व्हय आक्का. गेला.

मोठ्यांदा म्हनलो. त्याच्या उशाशीच बसून.

त्याच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातनं पानी आलं. आक्कानं पदरानं पुसलं. म्हनली, मेल्यावरबी डोळं गळत्यात का रं? मी म्हनलो, गळत्यात.

मनगाट सोडलं न्हाई मी. नाडी आधी पळाया लागली, लय पळाया लागली. मग हळू. मग एक ठोका, थांबली, पुन्ना एक. बाया रडत व्हत्या आन् मी मोजत व्हतो. सवय. पाच मिनटं म्हन. तवाबी हात उचलून छातीवर दाबलं आसतं तर — पर एकदा गेला म्हनल्यावर कसं दाबायचं? काय म्हनलं आसतं गाव?

आता ऐकलंसच तर ह्येबी ऐक. दिवा लावायच्या टायमाला नानासो वढ्यावर आला. चिता पेटल्याली. लस मिळाली न्हवती, डाक्टरनं चिठ्ठी दिल्ती इंग्रजीत, मिलिटरीचा ड्रेसर हाय कळलं म्हनून माझ्या नावानं. गावात इंग्रजी वाचनारा मी एकटा. लिवलं व्हतं, दम थांबवू नका. रात्र गेली तरी, उद्याचा दिस गेला तरी थांबवू नका, मानसं बदला पर थांबवू नका, ईख सुटतं. लस मागवलीया, ती घिऊन मी सकाळी येतोय. समदे माझ्या तोंडाकडं बघत व्हतं. आक्काबी. मी वाचून दावलं: इलाज न्हाई, उशीर झाला. आन् चिठ्ठी चितंत टाकली.

सकाळी डाक्टर आला तवा मी शेतात जाऊन बसलो.

तुझी म्हातारी अजूनबी वाटंत भेटली की माझं हात धरती. डोळ्यास्नी लावती. म्हनती, ह्या हातांनी माझ्या गुंडासाठी लय सोसलं. मी हात काढून घेत न्हाई. कसा काढू?

बोल की. शिवी दे. थुक.

नगं. नगं बोलूस. ऊठ, जा आता. आन् फाटक वढून घे जाताना, शेरडं आत शिरत्यात.