भीमाच्या गाडीची खडखड

इंदापूरच्या कचेरीत तारीख असल्याने आम्ही बारामतीच्या गॅरेजात बाकड्यावर बसून टॅक्सीची वाट पाहत होतो. तिचं डिझेल इंजिन निकामी झालं होतं. मिस्त्रींनी दुसऱ्या गाडीचं वापरलेलं इंजिन बसवून दिलं होतं. तरीही ड्रायव्हर रामहरी तक्रार घेऊन आला होता.

"मिस्त्री, हे लई गुमान चालतंय."

"मग पेढे वाट की!"

"पयल्यावानी खडखड आणा."

"डोकं फिरलं का तुजं? लोक खडखड घालवायला येत्यात हितं."

"काटेवाडीची फुलाबाई ठावं हाय न्हवं? तिला दिसत न्हाय."

"भीमाची आई?"

"व्हय. भीमा गेल्यावर ही गाडी मी घेतली. खडखड ऐकली की म्हातारी तांब्या घेऊन सडकंला यायची. 'भीमा, पाणी पी' म्हनायची. मी पिऊन निघायचो."

"न बोलता?"

"बोललो तर आवाज वळखंल की."

"भीमा गेल्याचं तिला कुणी सांगितलं न्हाय?"

"समद्यांनी सांगितलं. ती म्हनती, मग रोज पाणी कोण पितंय?"

"अन् आता?"

"काल थांबलो, तर जागची उठली न्हाय. मीच तांब्याला हात लावला. तिनं वढून घेतला. म्हनली, 'ठिवा पाव्हणं, माझ्या पोराचं हाय ते.'"

मिस्त्री पाना घेऊन गाडीखाली शिरले.

"चालू कर. अशी का?"

"न्हाय."

"आता?"

"न्हाय, मिस्त्री. ही भीमाची न्हवं."