बार्नेकलचं पिल्लू

लालबागच्या बसथांब्यावर उर्मिलाच्या पुढे मायलेकी उभ्या होत्या आणि लेक नुसती बोलत सुटली होती.

“आई, होड्यांच्या बुडाला टणक कवचं चिकटलेली असतात ना, ते बार्नेकल. आज लॅबमध्ये त्याचं पिल्लू बघितलं. दगडावर चालत चालत चव घेतं. आपलं कुणी आधी राहून गेल्याची चव लागली, की डोकं चिकटवतं आणि जन्मभर तिथेच.”

“राहणारं मेलं असेल तर?”

“रिकाम्या कवचालाही चव असते गं.”

“मग नव्या फ्लॅटवर दूध उतू घालायला येते मी.”

“खरंच? वर्षभर तिथे राहायला यायला नाही म्हणत होतीस.”

“तू फेकायला काढलीयस ना तुझ्या बाबांची तेलकट उशी, ती आधी तिथे नेऊन ठेव.”