तोरड्या वाजल्या नाहीत

(फुलसावंगीजवळच्या एका तांड्याचं शेत. दसऱ्याच्या आधीची दुपार. ज्वारीत उभ्या केलेल्या मचाणावर म्हातारा रूपसिंग, हातात गोफण. खाली धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, त्याची बायको सुखीबाई, पायाशी फुटलेलं मडकं.)

सुखीबाई : बोटभर खाली लागता तं मडक्याच्या जागी माहं टाळकंच फुटलं असतं! बायकोवर गोफण चालवून राह्यले का जी आता?

रूपसिंग : मले वाटलं, गाय घुसली.

सुखीबाई : गाईच्या डोक्यावर मडकं राह्यते?

रूपसिंग : ज्वारी मानसाच्या वर गेली. खालचं दिसते कुठं?

सुखीबाई : मी धुऱ्यावरून येत होती. ज्वारीतून नाही.

रूपसिंग : सूर्य डोळ्यात आला.

सुखीबाई : सूर्य तुमच्या पाठीमागं आहे.

रूपसिंग : लागलं का तुले कुठं? ते सांग पयले.

सुखीबाई : लागलं नाही. भिजली मात्र सारी. फेटियाचा घेर पायापर्यंत ओला झाला. भाकर कमरेले बांधली होती म्हून वाचली. सरका, वर येऊ द्या.

रूपसिंग : कायले चढून राह्यली? खालीच बस, मी येतो.

सुखीबाई : आली ना… थांबा, बसू द्या जरा… हां. आता सांगा, त्या पळसावर काय आहे?

रूपसिंग : राघू आहेत. दुसरं काय राह्यन?

सुखीबाई : पांढरे राघू?

रूपसिंग : मंग काय आहे?

सुखीबाई : शंकऱ्यानं धोतर वाळू घातलं आहे तिथं. सकाळपासून आहे. तुमच्या पोराचंच धोतर आहे ते. मंग मले कसं हानलं तुमी?

रूपसिंग : आवाजावर. पानं खसखसली का फेकतो.

सुखीबाई : कधीपासून?

रूपसिंग : पोळ्याले बैलाच्या शिंगाले रंग देत होतो तं कुंचला त्याच्या डोळ्यात गेला. सारे हासले. मी बी हासलो. पन मले शिंगच दिसलं नव्हतं सुखी. पयले सकाळचं धुकं वाटे. आता दुपारी बी धुकंच.

सुखीबाई : मले काहून नाही सांगतलं?

रूपसिंग : तू शंकऱ्याले सांगतं. शंकऱ्या मले मचाणावरून उतरवते. उतरलो का ओसरीवर खाटलं. सून भाकर देईन, पानी देईन. पन खाटल्यावरच्या म्हाताऱ्याले कोन विचारते का बाप्पा, आज राघू आलते का?

सुखीबाई : अन् आज माह्या जागी लखीरामची सून असती तं? कडेवर लेकरू घेऊन येते ती याच धुऱ्यानं.

रूपसिंग : तिच्या पायात घुंगरं आहेत. तांड्यातली हरेक बाई मले आवाजावरून समजते. कोनाचा चुडा, कोनाच्या तोरड्या. तू तं नाल्यापाशी आली का मले समजते. म्हून तं एवढे दिवस निभलं. आज तू वाजलीच नाही. काहून?

सुखीबाई : दोन्ही हातानं मडकं धरलं होतं. चुडा कसा वाजन?

रूपसिंग : चुड्याचं नाही विचारत. तोरड्या कुठं आहेत?

सुखीबाई : घरी राह्यल्या.

रूपसिंग : लग्नात माह्या मायनं घातल्या तुह्या पायात. बाळंतपनात काढल्या नाहीत तू, हिवतापात काढल्या नाहीत. अन् आज घरी राह्यल्या?

सुखीबाई : कडी झिजली होती एक. भाकर खा तुमी. आंबाडीची भाजी आहे, लसून घातला सुनेनं.

रूपसिंग : पाय दे इकडं.

सुखीबाई : चिखल लागला आहे पायाले.

रूपसिंग : दे म्हनतो ना.

सुखीबाई : …घ्या.

रूपसिंग : हा तुहा पाय आहे का वं? बोट दाबलं तं खड्डा पडला. खड्डा भरून बी नाही येत… अन् वर बी आहे. गुडघ्यापर्यंत आहे. कधीपासून?

सुखीबाई : श्रावणात तीजेचा सण झाला, पोरींनी तीज बोळवली ना, तवा नाचता नाचता रुतल्या तोरड्या. मले वाटलं, नाचल्यानं असन. मंग रोजच रुतायले लागल्या. काल नातीनं साबन लावून काढल्या. कातडं सोललं थोडं.

रूपसिंग : अन् ही धाप?

सुखीबाई : मचाण चढलं का कोनालेबी लागते.

रूपसिंग : बसंतीले अशीच सूज आलती.

सुखीबाई : तिचं नाव काढू नका.

रूपसिंग : तुही सख्खी बहीन. पयले पाय, मंग धाप. आपुन सारे म्हनत राह्यलो, कापूस वेचून होऊ दे, मंग उमरखेडच्या दवाखान्यात नेऊ. कापूस वेचून झाला…

सुखीबाई : म्हूनच नाही सांगतलं! मले भेव वाटते जी. डाक्टरानं म्हनलं, बसंतीसारखंच आहे, तं मी काय करू? नाही ऐकलं तं निदान रात्री झोप तं लागते.

रूपसिंग : लागते का झोप?

सुखीबाई : नाही लागत.

रूपसिंग : मले बी नाही लागत. मी तिकडं तोंड करून पडतो, तू इकडं. मले वाटे, तू झोपली.

सुखीबाई : मले बी तसंच वाटे.

रूपसिंग : चल, उठ. शंकऱ्याले सांगू. उद्याच्या यष्टीनं उमरखेडले जाऊ.

सुखीबाई : उद्या? कणसात दूध भरलं आहे. अन् राघू?

रूपसिंग : खाऊ दे राघूले.

सुखीबाई : काय म्हनलं तुमी?

रूपसिंग : खाऊ दे म्हनलं. सारी ज्वारी खाऊ दे.

सुखीबाई : …मंग तुमचे डोळे बी दाखवायचे. मी एकटी नाही जात डाक्टरासमोर.

रूपसिंग : दाखवतो. शंकऱ्या खाटल्यावर बसवन तं बसवन.

सुखीबाई : बसवू दे. मी बी तिथंच बसते का नाही पाहा. तुमाले सांगायले कोनी तरी लागन ना, धोतर कोनतं अन् राघू कोनता.

रूपसिंग : हासू नको. धाप लागते तुले. उतरू आता.

सुखीबाई : तुमी पयले उतरा. मी वरून सांगते. खालचा दांडा भिजला आहे माह्या फेटियानं, पाय घसरन… हां. टेका आता. आली जमीन.

रूपसिंग : ये तू. हळू ये… सुखी? कुठं आहे?

सुखीबाई : इथंच आहे. खांद्यावर हात ठेवला ना तुमच्या.

रूपसिंग : राहू दे तसाच. अन् बोलत राय.

सुखीबाई : काय बोलू?

रूपसिंग : काहीबी बोल. तोरड्या नाहीत आता पायात. तू गप नको होऊ.

सुखीबाई : बरं… धुरा आला, पाय उचला. इथं खापरं आहेत, माह्याच मडक्याची, जपून… हां. आता सपाट आहे… अजून सपाटच आहे… अजून…