साहेबांनी लेथला हात लावला तेव्हा

सातपूरला धडाधड कारखाने निघत होते आणि मी टर्नरचा मास्तर होतो. आमच्या सरकारी ट्रेनिंग सेंटरात प्रवेशासाठी पोरं दोन-दोन वर्षं थांबायची, अन् लोखंड कातायचे लेथ मात्र चारनंतर रिकामे. दुसऱ्या शिफ्टसाठी अर्ज करून थकलो. शेवटी न विचारताच त्या थांबलेल्या पोरांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू केला, बिनपगारी.

एकदा सहाच्या सुमारास मुंबईच्या हेड ऑफिसचे साहेब तपासणीला टपकले. पोरांना मागच्या दारानं काढलं, लेथवर कापड टाकलं. साहेबांनी कापडाखाली हात घातला.

“मास्तर, चारला बंद झालेला लेथ अजून गरम?”

मी खरं ते सांगितलं.

“यादीत किती थांबलेत?”

“आता कोणीच नाही, साहेब.”

साहेबांनी कापड स्वतः ओढून काढलं. “मंजुरीचं मी बघतो. पोरांना आत बोलवा. पुढच्या दारानं.”