धूर खाणारी फरशी

धुराचं काय घेऊन बसलात, आमच्या गौलीगुड्याच्या गल्लीत धूर खाणारी फरशी बसवली होती! खोटं नाही सांगत. इंजिनियरसाहेब म्हणाले, गाड्यांचा धूर हिच्यावर पडला की उन्हात आपोआप साफ होतो. आम्ही खूश.

आठ दिवसांनी साहेब परत आले, सोबत दोघं करवतवाले. आमच्या दारातल्या लिंबाकडे बोट दाखवून आईला म्हणाले, "अम्मा, ये झाड काटना पडता. इसकी छाँव में फरशी काम नई करती."

आईनं घरातली खुर्ची आणली, लिंबाच्या बुंध्याला टेकवली आणि ऐसपैस बसली. "हवा साफ करायला झाड तोडणार?"

"अम्मा, फरशी कू धूप होना!"

आई चिडली की हिंदी विसरते. "ऊन पाहिजे ना? मग उचल तुझी फरशी अन् उन्हात नेऊन ठेव. लिंब इथंच राहणार, मीसुद्धा!"

साहेब तणतणत करवतवाल्यांकडे वळले. ते दोघं करवत बाजूला टाकून केव्हाच लिंबाखाली बसले होते.

"साब," त्यातला एकजण म्हणाला, "बाहर धूप भोत है."