आधी रेघ, मग सही

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून आज निवृत्त होणारे आपले लेखनिक काका, आणि माझ्या बंधुभगिनींनो,

विषय दिलात ‘राष्ट्राध्यक्षांच्या सह्या आणि इतिहास’. संग्राहक म्हणून मिरवतो, म्हणून बोलावलंत, आभारी आहे. पण खरं सांगतो, आज जीव थाऱ्यावर नाही.

माझ्याकडे सह्यांची एकशे बारा पत्रं आहेत. पहिलं आईला आलेलं. वडील बोगद्याच्या कामावर असताना वारले, तेव्हा तिनं राष्ट्राध्यक्षांना आपली कर्मकहाणी लिहून पाठवली होती. उत्तर आलं. छापील सांत्वनाखाली शाईनं एक ओळ: ‘मुलाची शाळा सोडवू नका.’ मामा मला कारखान्यात चिकटवणार होता. आई म्हणाली, “राष्ट्राध्यक्षांचा शब्द आहे. तू कोण लागून गेलास?” मामानं नाद सोडला. मी शिकलो.

आता गंमत ऐका. गंमत कसली, कपाळ माझं! राष्ट्राध्यक्ष आधी सही करत, मग खाली रेघ ओढत. भिंगातून रेघेची शाई अक्षरांवर चढलेली दिसते. आईच्या पत्रात उलटं आहे. मी आपला म्हणत आलो, घाईत असतील! संग्राहकाइतका आंधळा कोणी नसतो हो. परवा या समारंभाचं निमंत्रण आलं, कार्यालयातर्फे काकांच्याच सहीचं. सवयीनं भिंगाखाली धरलं. रेघ आधी!

काका, मान खाली घालू नका. उद्या ते पत्र संग्रहालयात जायचंय, ‘राष्ट्राध्यक्षांचं हस्ताक्षर’ या पाटीखाली. पाटी बदलता येईल. आईचं काय करू? ती अंथरुणाला खिळलीय, डॉक्टरांनी हात टेकलेत. सकाळी विचारत होती, “त्यांनी माझं पत्र खरंच वाचलं असेल ना रे?” तेच विचारायला इथं उभा आहे. सांगा ना, नुसतीच सही ठोकलीत, की वाचलंतही? पाया पडतो तुमच्या.

काय म्हणालात? मोठ्यानं बोला, मागे ऐकू जात नाही.

ऐकलंत मंडळी? म्हणतात, “दोनदा वाचलं. ओळ माझ्याच मनातली. साहेबांना कळतं तर नोकरी गेली असती.”

अध्यक्ष महोदय, इतिहासाचं बोलायचं राहिलंच. सर्वांचे आभार, आणि अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला. काका, सत्कार नंतर होईल, आधी माझ्याबरोबर घरी चला. तुमच्या तोंडूनच सांगा तिला. अजून ऐकू येतं तिला.